गुण उतरले म्हणून तास वाढवू नकोस

प्रश्न थोडक्यात असा: वय २६, गाव चोपडा तालुक्यात, तीन वर्षांपासून जळगावात कॉट बेसिसवर (खोलीत एका खाटेपुरतं भाडं भरून) राहून एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, संयुक्त गट ब परीक्षेची तयारी. मागची पूर्व परीक्षा थोडक्यात हुकली. डिसेंबरपर्यंत टेस्ट सिरीजमध्ये ५८ च्या आसपास गुण पडत होते, आता ४३-४४ वर आलेत. म्हणून अभ्यास दहा तासांवरून तेरा-चौदा तासांवर नेला, टेस्ट रोज एक सुरू केली, तरी घसरण थांबत नाही. पान वाचून झालं की काय वाचलं ते आठवत नाही, डोकं दुखतं, पुस्तक उघडलं की रडू येतं. घरी स्थळं बघणं सुरू आहे. ‘मी आळशी झाले की माझी कुवतच एवढी आहे?’

ताई, आधी आकडे बघू, मनाचं नंतर. उलट क्रमाने गेलो तर माझ्या प्रत्येक वाक्यावर तू ‘पण मॅडम, माझे गुण’ म्हणशील.

तू दोन टेस्टची विगतवारी पाठवलीस हे फार बरं केलंस. बहुतेक मुलं नुसता शेवटचा आकडा सांगतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. डिसेंबरच्या टेस्टमध्ये तू ७८ प्रश्न सोडवलेस. ६२ बरोबर, १६ चूक. चुकीमागे पाव गुण वजा, म्हणजे ४ गेले, उरले ५८. परवाच्या टेस्टमध्ये ९२ सोडवलेस, ५३ बरोबर, ३९ चूक. पावणेदहा वजा, उरले ४३.२५. म्हणजे १४ प्रश्न जास्त सोडवलेस. हे १४ डोळे मिटून गोल केले असते तरी चार पर्यायांच्या हिशोबाने त्यातले तीन-चार बरोबर यायचे, आणि बरोबरचा आकडा ६५-६६ वर जायचा. तो आला ५३ वर. याचा अर्थ डझनभर प्रश्न असे आहेत, जे डिसेंबरमधल्या तुला आले असते आणि आताच्या तुझ्या हातून निसटले. मधल्या काळात वाचन तर वाढलंय. रोज तेरा तास वाचणाऱ्या मुलीचं डझनभर प्रश्नांचं ज्ञान काही महिन्यांत पुसलं जात नसतं. ते डोक्यात आहे. पेपरच्या त्या साठ मिनिटांत ते बाहेर येत नाहीये.

पेपर सारखे नसतात हे धरूनच बोलते. शंभर प्रश्नांच्या टेस्टमध्ये चार-पाच गुण इकडे-तिकडे होणं ही कोणते प्रश्न आले त्याची कृपा असते, त्यात अभ्यासाचा हात नसतो. ५८ चे ५४ झाले म्हणून रात्र जागवणारी मुलं मी दर हंगामात बघते, आणि त्यांना मी सरळ झोपायला पाठवते. पण तुझे ओळीने बऱ्याच टेस्टमध्ये पंधरा गुण गेलेत. ही खरी घसरण आहे, फक्त तू समजतेस त्या कारणाने ती झालेली नाही.

तू पाठवलेल्या पेपरच्या फोटोतला एक प्रश्न घे. ‘खालीलपैकी कोणती तापीची उपनदी नाही?’ पर्याय: गिरणा, पांझरा, वाघूर, दारणा. तू गिरणेचा गोल भरलास. चोपड्याच्या पोरीला गिरणा तापीला मिळते हे शिकवावं लागतं का? दारणा नाशिककडची, गोदावरीला मिळणारी, हेही तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात लिहिलेलं असेल. तू ‘नाही’ हा शब्द वाचलाच नाहीस. डोळ्यांना तापी दिसली, उपनदी दिसली, पहिलं ओळखीचं नाव दिसलं आणि पेन तिथे टेकलं. त्याच पानावर खाली बघ: राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत किती विषय, तर तू १८ वर खूण केलीस. अकरावीत २९, बारावीत १८. एक पंचायतींची, एक नगरपालिकांची. ही चूक वेगळ्या जातीची आहे. इथे तुला माहिती होती, पण दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या.

म्हणून पहिलं काम हे. मागच्या चार टेस्ट काढ आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक अक्षर लिही. ‘न’ म्हणजे हे कधी वाचलंच नव्हतं. ‘वि’ म्हणजे वाचलं होतं, विसरले किंवा गल्लत झाली. ‘घ’ म्हणजे येत होतं, पण घाईत प्रश्न चुकीचा वाचला, बेरीज चुकली, गोल सरकला. ‘तु’ म्हणजे तुक्का. उत्तर बघून झाल्यावर ‘अरे हो, हे मला येत होतं’ असं वाटतंच, म्हणून स्वतःशी कडक राहा: उत्तर झाकून कारणासकट सांगता आलं तरच ‘घ’, नाही तर ‘वि’. याला दीड-दोन तास लागतील आणि ते आजच्या तुझ्या तेरा तासांपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत.

‘न’ जास्त निघाले तर अभ्यास कमी आहे, मग मी तुला वेगळं सांगितलं असतं. ‘वि’ जास्त असतील तर उजळणीची पद्धत चुकते आहे, त्यावर पुढे येते. पण माझा अंदाज आहे की तुझ्याकडे ‘घ’ आणि ‘तु’ वाढलेले निघतील. ‘घ’ हे थकलेल्या डोक्याचं लक्षण आहे आणि ‘तु’ घाबरलेल्या डोक्याचं. गुण कमी पडतायत म्हणून जास्त प्रश्न सोडवायचे, त्यातून चुका वाढायच्या, त्यातून गुण आणखी उतरायचे, हा फेरा तुझ्या ७८ वरून ९२ वर जाण्यात उघड दिसतोय.

तुक्क्याचा हिशोब एकदा कागदावर करून टाक, म्हणजे परीक्षा केंद्रावर तो करावा लागणार नाही. काहीच माहीत नसलेले १६ प्रश्न आंधळेपणाने सोडवले तर सरासरी ४ बरोबर, १२ चूक. १२ चुकांचे ३ गुण वजा. हाती १ गुण. सोळा गोल भरायचा वेळ घालवून एक गुण, तोही नशिबात असला तर. तेच दोन पर्याय खात्रीने बाद करता आले असतील तर १६ पैकी ८ बरोबर, ८ चूक, वजा २, हाती ६. म्हणून दोन पर्याय बाद झाले तर सोडव, नाही तर पुढे जा. मेख एवढीच की थकलेल्या माणसाला ‘दोन बाद झाले’ असं फार लवकर वाटतं. ‘हा पर्याय का बाद?’ याचं पाच शब्दांतलं कारण सुचलं नाही तर तो बाद झालेला नाही असं धर. शंभर प्रश्न, साठ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यातले चार-पाच सेकंद ‘योग्य’, ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘फक्त’ या शब्दांखाली रेघ मारायला खर्च कर. पेन्सिलची ती रेघ पंधरा दिवसांत सवयीची होते आणि ‘घ’ चा ढीग निम्म्यावर येतो असा माझा अनुभव आहे.

आता थकव्याकडे. ज्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात त्याची कल्पना १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने मांडली. नंतर क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन अंगं नीट वेगळी केली: अंगातलं बळ संपणं, कामाशी मन तुटणं, आणि ‘माझ्याने होत नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याच तीन अंगांनी त्याची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे तर न हाताळलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम म्हणून. ती व्याख्या नोकरीपुरती आहे, पण तीन वर्षं पगाराशिवाय, सुट्टीशिवाय, एकाच टेबलावर बसणाऱ्याला ती लागू होत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझ्या पत्रात तिन्ही अंगं आहेत. यात आळस कुठे बसतो ते मला सांग. आळशी माणूस पुस्तक मिटून निवांत झोपतो. तू उघड्या पुस्तकापुढे रडतेस.

आणि एक तपासणी मी आधी मागते, समुपदेशन नंतर. रक्त तपास. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलेलं आहे, आणि कॉट बेसिसवर राहून एकवेळचा डबा लावणाऱ्या मुली त्यात मागे नसतात. दम लागणं, डोकं दुखणं, लक्ष न लागणं, चिडचिड: ही यादी बर्नआउटची म्हणून वाचता येते आणि कमी हिमोग्लोबिनची म्हणूनही. हे वाचणारं कुणी धडगाव-अक्कलकुव्याकडचं, सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबातलं असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. शासकीय रुग्णालयात केस पेपर काढून सकाळी जा, एक अभ्यासिका बुडाली तर बुडू दे. तोवर एवढं कर: जेवणाबरोबर आणि जेवल्या जेवल्या चहा बंद, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डब्यात भाजीवर लिंबू पिळ. टेबलावर शेंगदाणे-गूळ ठेव. सकाळी पोटात काहीतरी घालूनच बाहेर पड.

झोपेबद्दल तू लिहिलंस, ‘रात्री दोनपर्यंत बसते, सहाला उठते.’ दिवसा वाचलेलं झोपेत बसतं. ही म्हण नाही, मेंदूचं काम असंच चालतं. चार तास झोपून तू तेरा तासांच्या वाचनातलं बरंचसं रोज रात्री सांडून देतेस. शिवाय परीक्षा बहुतेकदा सकाळी अकराची असते आणि तुझं डोकं रात्री बाराला तरतरीत व्हायची सवय तू लावून घेतलीस. साडेदहा-अकराला झोप, साडेपाच-सहाला उठ. संध्याकाळी पाचनंतर चहा नको, त्याचा अंमल पाच-सहा तास सहज राहतो. पहिल्या तीन-चार रात्री झोप येणार नाही, पडून राहा, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आता उन्हाळा तोंडावर आहे. जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे तुला माहीत आहे, पारा ४४ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत कूलर फक्त गरम हवा फिरवतो. दुपारी एक ते चार या वेळात तिथे बसून तू जे करतेस त्याला मी अभ्यास धरत नाही. सकाळचे चार तास आणि संध्याकाळचे दोन-तीन, मधली दुपार आडवी. खान्देशातला शेतकरी वैशाखात दुपारी औत धरत नाही, तो काही कमी कष्टाळू नसतो.

विश्रांतीचं सांगितलं की मुली दोनच प्रकार करतात. एक तर ‘आज सुट्टी’ म्हणून पलंगावर पडून सहा तास फोन, मनात अपराधी भाव, संध्याकाळी अंग जड. नाही तर सुट्टी घेतच नाहीत. तुझ्या वडिलांना, नानांना विचार, काळ्या रानात पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी ते वखर घालतात का? वाफसा येईपर्यंत, म्हणजे रानातली ओल बेताची होईपर्यंत थांबतात. ओल्या रानात औत घातलं तर ढेकळं होतात आणि पुढचा सगळा हंगाम ती फोडत बसावं लागतं. तुझं डोकं गेले काही महिने वाफशावर येऊच दिलेलं नाही.

तर चार दिवस गावी जा. पुस्तकं जळगावात ठेवून. चालू घडामोडींची पीडीएफ फोनमध्ये असेल, ती उघडायची नाही. तयारीचे सगळे टेलिग्राम ग्रुप म्यूट. चार दिवसांत तुझं जेवढं बुडेल तेवढं तू सध्या दर आठवड्याला कोरड्या डोळ्यांनी पानं उलटून बुडवतेच आहेस. गावी गेल्यावर हातापायाचं काहीतरी काम कर: आईबरोबर पापड लाट, शेतात चक्कर मार, लहान भावंडाची सायकल दुरुस्त करून आण. फक्त झोपून राहिलीस तर तेच विचार उशाशी येतील. पहिले दोन दिवस बेचैनी वाढेल, हात पुस्तक शोधेल. ती बेचैनी म्हणजे सवय तुटताना होणारी तडफड आहे, तेवढ्यासाठी परतीची गाडी पकडू नकोस.

परत आल्यावर पंधरा दिवस रोज सहा तास, जास्त नाही. हे तुला सगळ्यात अवघड जाणार, कारण शेजारच्या टेबलावरची मुलगी बारा तास बसलेली असेल. अभ्यासिकेत तास मोजायची एक वाईट चढाओढ असते. ‘काल किती झाले?’ हा तिथला नमस्कार आहे. नंदुरबारकडच्या एका मुलाची वही मी बघितली होती. पंचायतराजचं एकच पान, पहिल्या वाचनात पिवळ्या हायलाइटरने, दुसऱ्यात हिरव्याने, तिसऱ्यात गुलाबीने. शेवटी पानावर न रंगवलेली ओळच उरली नव्हती. पान झाकून मी त्याला विचारलं, ७३ वी घटनादुरुस्ती कधी लागू झाली? तो गप्प. मग म्हणाला, ‘मॅडम, ती वर डावीकडे आहे, पिवळ्यात.’ जागा पाठ होती, २४ एप्रिल १९९३ ही तारीख नव्हती.

वाचण्याने ओळख होते, आठवण होत नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग झाकून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाहीये. म्हणून सहा तासांतले निम्मे पुस्तक मिटून घालव. कोऱ्या कागदावर वर लिही ‘फैजपूर काँग्रेस’ आणि जे येईल ते उतरव: १९३६, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस. अडलं की थांब, दोन मिनिटं डोकं खाजव, मगच पुस्तक उघड. हे वाचनापेक्षा कष्टाचं आहे आणि वाटतंही वाईट, कारण आपल्याला काय येत नाही ते तोंडावर दिसतं. तुझा ‘वि’ चा ढीग यानेच कमी होईल. गल्लत होणाऱ्या जोड्या, २९ आणि १८ सारख्या, एकाच कार्डावर समोरासमोर लिही. वेगवेगळ्या पानांवर राहिल्या की त्या कायम मिसळतात.

विषयाला एक पुस्तक आणि एक वही. दुसरं पुस्तक चांगलं असेलही, पण तिसऱ्या वर्षी नवं पुस्तक उघडणं हे बहुतेकदा भीतीपोटी असतं. टॉपरच्या मुलाखती बघणंही बंद. निकालानंतर माणूस आपले तास थोडे वाढवूनच सांगतो, त्यात त्याचाही फार दोष नाही.

टेस्टचं सांगते. पहिले दहा दिवस एकही नाही. त्यानंतर आठवड्याला एक, रविवारी सकाळी अकरा ते बारा, ओएमआर उत्तरपत्रिकेवर काळ्या पेनने गोल भरून, घड्याळ लावून. संध्याकाळी दीड-दोन तास ‘न-वि-घ-तु’. रोज टेस्ट देऊन विश्लेषण न करणं म्हणजे रोज वजन करायचं आणि जेवणात काही बदलायचं नाही. एक टेस्ट टेस्ट सिरीजची, एक आयोगाचा जुना पेपर, असं आलटून पालटून घे. खासगी टेस्ट मुद्दाम अवघड किंवा मुद्दाम सोपी असू शकते. आयोगाचा पेपर हेच खरं माप, आणि तो अंतिम उत्तरतालिकेवरून तपास, पहिल्या उत्तरतालिकेवरून नको, त्यात नंतर उत्तरं बदलतात, प्रश्न रद्द होतात. वहीत एकूण गुण लिहूच नकोस काही आठवडे. दोनच आकडे लिही: किती सोडवले आणि त्यातले शेकडा किती बरोबर. डिसेंबरला ते शेकडा ७९ होते, आता ५७-५८ आहेत. प्रश्न ७५ वर आणून हा दुसरा आकडा ७५ च्या पुढे गेला की एकूण गुणांकडे बघ.

घरचं. इथे मी फार बोलत नाही, तुझं घर तू जाणतेस. पण ‘घरी सांगायची हिंमत नाही’ हे तू पत्रात दोनदा लिहिलंयस, आणि माझ्या मते थकव्यातला मोठा वाटा या लपवण्याचा आहे. रोज संध्याकाळी आईचा फोन, ‘जेवनी का?’, आणि तुझं ‘हो, सगळं मस्त चाललंय.’ एक खोटं रोज सांभाळायला बळ लागतं. गावी जाशील तेव्हा सणावाराला नको, चार पाहुण्यांसमोर तर नकोच. नाना रात्री ओट्यावर एकटे असतील तेव्हा बस. गुणांची कहाणी सांगू नकोस, त्यांना ५८ आणि ४३ चं काही कळणार नाही. एवढंच म्हण: ‘नाना, माझी तब्येत बरी नाही, मी दोन महिने अभ्यास कमी करून अंग सुधारणार आहे. परीक्षा सोडत नाही. अमुक परीक्षेपर्यंत मी प्रयत्न करणार, त्यानंतर काय करायचं ते आपण दोघं ठरवू.’ तारीख किंवा परीक्षा नेमकी सांग. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाला अनिश्चितता नवी नाही. त्याला राग येतो तो आपल्याला काही सांगितलं जात नाही याचा. लग्नाचंही त्याच वाक्यात बसतं: नकार देऊ नकोस, मुदत माग. मुली नकार देतात, मग भांडण होतं, मग भांडणाचा राग घेऊन पुस्तकावर बसतात.

दुसरा पर्याय हातात ठेवण्याबद्दल मतं वेगळी आहेत. काही शिक्षक म्हणतात, परतीचे दोर कापल्याशिवाय यश नाही. मला हे पटत नाही. दोर कापलेली मुलं हॉलमध्ये थरथरतात, हे मी बघितलंय. तलाठी, जिल्हा परिषद, एखाद्या शाळेत तासिकेवर शिकवणं, यातलं काहीतरी एक समोर असलं की संयुक्तचा पेपर हा फक्त एक पेपर राहतो. अर्ज भरून ठेव. त्यासाठी वेगळा अभ्यास करू नकोस, निम्मा अभ्यासक्रम तोच आहे.

आयोगाच्या तारखांचंही थोडं. २०२१ मध्ये १४ मार्चची राज्यसेवा पूर्व परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली, पुण्यात मुलं रस्त्यावर आली आणि ती २१ मार्चला झाली. २०२४ ची राज्यसेवा पूर्व २५ ऑगस्टवरून १ डिसेंबरला गेली. ज्यांनी ऑगस्टसाठी जीव तोडून शेवटचा महिना केला होता, त्यांना तो पुन्हा करावा लागला, आणि त्यातले बरेच दुसऱ्या वेळी आधीपेक्षा थकलेले होते. वर्षभर शेवटच्या महिन्याच्या वेगाने पळता येत नाही. तारीख नक्की होईपर्यंत सहा-सात तास, शेवटचे सहा आठवडे नऊ. त्यावर मी कुणालाच नेत नाही.

एक गोष्ट वेगळी करायला हवी. बर्नआउट अभ्यासाला चिकटलेलं असतं. गावी गेलीस, मावसबहिणीच्या हळदीत नाचलीस, भरीत-कळण्याची भाकरी खाल्लीस की थोडं तरी हलकं वाटतं. तसं झालं नाही, दोन आठवडे सलग कशातच गोडी वाटली नाही, पहाटे जाग येऊन छाती भरून आली, ‘मी नसते तर बरं’ असा विचार एकदा जरी आला, तर हे उत्तर बाजूला ठेव आणि डॉक्टरकडे जा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत, मराठीत चालतो. तिथे फोन करायला आधी कोसळावं लागत नाही. गोळ्या सुरू झाल्या तर अभ्यास बुडेल अशी भीती मुली बोलून दाखवतात. उपचार न घेता गेलेली वर्षं मी जास्त बघितली आहेत.

तू पत्राच्या शेवटी टेस्ट सिरीजच्या पैशांचं लिहिलंस, की उरलेल्या टेस्ट दिल्या नाहीत तर नानांचे पैसे वाया जातील. वाया जात नाहीत. त्यांच्या प्रिंट काढून ठेव, उत्तरतालिका न बघता, पाकिटात बंद करून. परीक्षेची तारीख जाहीर झाल्यावर शेवटच्या सहा आठवड्यांत आठवड्याला दोन याप्रमाणे त्या लागतील, आणि जेवढ्या उरतील तेवढ्या खोलीतल्या धाकट्या मुलीला दे. आता उद्या सकाळी आधी रक्त तपासायला देऊन ये, मग त्या चार टेस्टपुढे अक्षरं लिहायला बस.